नर्सबाईंची खुर्ची

आमच्या नर्सबाईंना नकार ऐकूच येत नसे. एरवी कान तिखट. मी पलीकडच्या खोलीत औषधात पाणी जास्त ओतलं तरी त्यांना कळायचं. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती आणि चामोर्शीच्या अलीकडल्या एका खेड्यात, सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो.

दवाखाना बाराला बंद व्हायचा. जंगलातली माणसं बाजाराच्या दिवशी दहा-दहा मैल चालून दुपारी पोचत, आणि कुलूप बघून तापलेली पोरं तशीच परत नेत. त्यातली काही पुढच्या बाजाराला दिसत नसत. बाजाराच्या दिवशी दवाखाना बाजारातच मांडावा, हा बाईंचा हट्ट. डॉक्टर भला माणूस, पण म्हणायचा, "वरून लेखी येऊ द्या."

"लेखी खालूनबी जाते, साहेब," म्हणत बाई दर महिन्याला चांद्याच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनना, अर्ज धाडायच्या. उत्तर ठरलेलं: शिस्त मोडता येणार नाही. बाई लगेच पुढचा अर्ज लिहायला घ्यायच्या.

एकदा साहेब तपासणीला येणार होते, नेमके बाजाराच्या दुपारी. बाईंनी दवाखान्यातली एकुलती एक खुर्ची उचलली. मी म्हणालो, "बाई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. पोरं त रोजच जाऊन राह्यले."

साहेब आले. झाडून लख्ख केलेला, रिकामा दवाखाना पाहून खूश झाले. बसायला वळले, तर खुर्ची नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोबडी वळली. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"खुर्ची बाजारात आहे, साहेब. पेशंटबी तिथीच आहेत. बसाचं असन त चला."

साहेब लालबुंद झाले, पण गेले. चिंचेखाली रांग लागली होती, आणि खुर्चीत पाय सुजलेली एक गोंड म्हातारी बसली होती. साहेबांना बघून ती उठू लागली. बाईंनी तिचा खांदा दाबला. "तू बस वो माय. साहेबाचे पाय चांगले आहेत."

साहेबांनी रांगेवर नजर फिरवली. मग त्यांनी कोट काढला आणि एका पोराची नाडी धरली.

पंधरा दिवसांनी एकाच लिफाफ्यात दोन हुकूम आले. एकात बाजारच्या दवाखान्याला मंजुरी, दुसऱ्यात बाईंची दूर जंगलातल्या सिरोंच्याला बदली. मला संताप आला. म्हटलं, या बदलीविरुद्धही भांडा.

बाई ट्रंक बांधत होत्या. "काऊन? तिथीबी बाजार भरतेच ना."

त्यांच्यामागे मला फार पोरकं वाटलं. पुढे नवे डॉक्टर आले, आणि पहिल्याच बाजाराला माझ्यावर खेकसले, "खुर्ची कुठं आहे?"

बोबडी वळली नाही. मी औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणालो, "बाजारात. बसाचं असन त चला."