इसोकिचीचा चौथा एबिसु

मुशिरो गावात इसोकिचीला मान होता तो चोर म्हणून. मासळी रुसली की शेजारच्या गावचा एबिसु, म्हणजे कोळ्यांच्या देवाची दगडी मूर्ती, पळवून आणायचा, हा त्या किनाऱ्यावरचा जुना रिवाज. देव भरभराटीचा खरा, पण मागून आणलेला पावत नाही, चोरलेलाच पावतो. इसोकिचीने आजवर तीन एबिसु पळवले होते आणि जाळी भरल्यावर साके पाजून इमानदारीने परतही पोचवले होते. त्या जोरावर तो अजून जाळ्यांचा म्होरक्या होता.

यंदा तारली मासळी फिरकलीच नाही. पुतण्या रियोसाकु चारचौघांत म्हणाला, "काका, गुडघे चालत नसतील तर सांगा. म्होरकेपण मी बघतो."

म्हणून अडुसष्टाव्या वर्षी इसोकिची भरदुपारी शेजारच्या कामेउरा गावाच्या धक्क्यावर पोचला. गाव जेवून आडवं झालं होतं. देव मासा काखोटीला मारून हसत बसला होता. मासळी येवो न येवो, त्याचं हसण्याचं काम चोख. इसोकिचीने ते दगडी धूड पाठीला बांधलं, उठायला गेला, आणि गुडघ्यांनी साफ नकार दिला.

"नेतोयस होय?" मागे ओकिसा म्हातारी दोरीवर माकुल्या वाळत घालत होती. "ने बाबा. तीन वर्षं भात गिळतोय मेला, एक बांगडा दिला नाही."

इसोकिचीने बसल्या जागी मान वळवली. "वहिनी, खुशीने दिलात तर ती चोरी कसली? जरा ओरडा तरी."

"घसा बसलाय माझा."

"निदान दोन शिव्या द्या. म्होरकेपण जाईल हो माझं."

"बरं, ही मी पाठ केली. मला काही दिसलं नाही."

"पण मला उठता येत नाहीये."

ओकिसाने कपाळाला हात लावला, मग काखेत हात घालून त्याला उभा केला. आभार मानले असते तर दान पक्कं झालं असतं. इसोकिचीने क्षणभर विचार केला आणि तिच्या दोरीवरची सगळ्यात मोठी माकूल ओढून चालू लागला.

ओकिसाचा घसा तत्काळ मोकळा झाला. "अरे भामट्या, ठेव ती खाली. उठा रे, चोर आलाय गावात." पाठोपाठ तिची लाकडी खडाव आली ती नेमकी इसोकिचीच्या डोक्यात.

मुशिरोत रियोसाकुने विचारलं, "खरंच चोरलात, की कुणी दिला?"

इसोकिचीने डोक्याचा रुमाल सोडून टेंगूळ पुढे केलं. पुतण्याने ते बोटाने दाबून पाहिलं. तारली अजून यायचीच होती, पण जाळ्याचा दोर त्याने काकांच्या हातात दिला.