शेवटच्या वळणावर सासरे

मंडळी, आज घाटंजीत बायकांची पाच किलोमीटरची शर्यत झाली. शाळेत असताना जिल्हा गाजवलेली माझी वहिनी लग्नानंतर पहिल्यांदाच, बारा वर्षांनी धावली!

शेवटच्या वळणापर्यंत ती दुसरी होती. तिथं माझे बाबा उभे. सासऱ्यांपुढे उघड्या डोक्यानं ती कधी गेलीच नाही. सवयीनं तिनं कमरेची ओढणी सोडून डोक्यावर घेतली, एका हातानं धरून पळू लागली. दोघी पुढे निघून गेल्या.

बाबांनी झटकन रस्त्याकडे पाठ केली अन् ओरडले, "मी नाही पाहून राह्यलो व सूनबाई! सोड ते, पळ!"

वहिनीनं ओढणी फेकली. तिसरी आली! सगळ्यांनी पाहिलं.

बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून मला विचारत होते, "कितवी आली व?"

सांगा, पहिला हार कोणाला घालू?