पिचरकाकांचा सत्कार

पिचरकाकांनी टाकलेला चेंडू इतका सावकाश यायचा की तो पोचेपर्यंत समोरच्या बॅटरचं दोनदा मन बदलायचं. आधी तो मारायचं ठरवायचा, मग सोडून द्यायचं, आणि शेवटी काहीच न ठरवता बॅट फिरवायचा. तोवर चेंडू डुलत डुलत येऊन मागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये विसावलेला असायचा. समोर असायचे कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फच्या कारखान्यांत काम करणारे धिप्पाड गडी, आणि इकडे पासष्टी गाठलेले, जेमतेम साडेपाच फुटांचे, बेसबॉलच्या टोपीखाली कानटोपी घातलेले आमचे काका. बाद झालेला गडी मान हलवत परत निघाला की काका त्याला थांबवून त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारायचे. आणि तो तिथेच उभा राहून सांगायचासुद्धा.

त्यांचं नाव वसंतराव, मूळचे अकोल्याचे. कृषी महाविद्यालयातून शिकून १९७०च्या आसपास इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत राहिले. पहिल्याच उन्हाळ्यात प्रयोगशाळेच्या टीमला एक माणूस कमी पडला, म्हणून साहेबाने यांना नुसतं उभं राहायला बोलावलं. तेव्हा जे मैदानात उभे राहिले ते पुढे हललेच नाहीत. मी २००४ साली पुण्याहून आलो तोवर त्यांनी महाराष्ट्र मंडळातल्या आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना जमवून शहरातल्या हौशी लीगमध्ये एक टीम उतरवली होती. तिचा कॅप्टन त्यांनी मला केलं. त्यांच्याबद्दल खरं लिहायला मला एवढी वर्षं लागली त्याचं कारण हेच, की या गोष्टीत माझाही भाग आहे आणि तो सांगण्यासारखा नाही.

आम्ही सगळे क्रिकेटवाले. माझ्या पहिल्या मॅचला चेंडू बऱ्यापैकी लागला आणि मी जिवाच्या आकांताने पळत सुटलो, हातात बॅट घेऊन. पहिल्या बेसपाशी पोचल्यावर ती जमिनीला टेकवलीसुद्धा. दोन्हीकडची माणसं पोट धरून हसली. काकांनी येऊन बॅट माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "हिले कुठं घेऊन जाऊन राहिला बाप्पा? हिचं काम झालं." त्यानंतर वर्षभर मला पाहिलं की मंदार, आमचा कॅचर, खराटा असो की छत्री, जे हाती लागेल ते जमिनीला टेकवून दाखवायचा. काका मात्र पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

बेसबॉल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, पण सहा चेंडू झाले की दुसऱ्याच्या हाती सोपवायची सोय तिथे नाही. जो सामना सुरू करतो तो स्टार्टर, आणि त्याने दमेपर्यंत टाकत राहायचं. मग त्या हाताला चार-पाच दिवस विश्रांती लागते. आमची मॅच फक्त रविवारी सकाळी असायची, म्हणून एकट्या काकांवर आमचं भागत होतं.

ते टाकायचे नकलबॉल. बोटांची नखं चेंडूत रोवून, त्याला अजिबात फिरकी न देता सोडायचा, म्हणजे तो हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही कळत नाही. त्यासाठी नखं शाबूत हवीत. काका त्या नखांना लेकीबाळींसारखं जपत. संत्रं सोलायचे नाहीत, डबा उघडायचे नाहीत, डिंकाच्या लाडवाचा तुकडासुद्धा काकूंनी मोडून द्यायचा. काकू म्हणायच्या, "लग्नात मेंदी माझ्या हाताला होती, पण नवरीचे नखरे आजवर यांचेच चालू आहेत." काका शांतपणे खिशातली कानस काढून एक नख घासायचे आणि मान डोलवायचे.

हिवाळ्यात त्यांच्या बेसमेंटमध्ये छताच्या तुळईला एक जुनी गादी टांगलेली असायची. नोव्हेंबर ते एप्रिल, रोज तीस चेंडू त्या गादीवर. बाहेर माणसं बर्फ शोव्हल करून करून कंबर धरत असायची आणि आत वॉशिंग मशीनच्या शेजारी धप्प, धप्प असा आवाज. मी एकदा विचारलं की थोडी विश्रांती घेतली तर काय बिघडेल. तेव्हा ते म्हणाले होते की या वयात खांदा थांबला की थांबतो, पुन्हा चालू करायचं बटण नसतं. मी ते ऐकलं आणि चहा प्यायलो.

त्यांची एक शिकवण सगळ्या टीमला पाठ होती. कुणी घाईने चेंडू फेकला, घाईने धावला, की ते लांबूनच म्हणायचे, "घाई त्याले करू दे न. भूक त्याले लागली हाय." त्यांचं म्हणणं असं की बॅटर हा पंगतीत बसलेला भुकेला माणूस, त्याला जरा ताटकळत ठेवलं की तो मिठावरही हात मारतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी हे आजही वापरतो आणि लोक मला धीराचा माणूस समजतात.

२००८ साली आम्ही पहिल्यांदाच लीगच्या सेमीफायनलला पोचलो. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, समोरचे दोघं बाद झाले होते, तिसरा गेला की सामना आमचा, पण त्यांचे दोन गडी बेसवर होते. काकांच्या चेंडूवर बॅटरने उंच फटका मारला आणि तो सरळ माझ्याकडे आला. पुण्याच्या सवयीने मी ग्लव्हच्या शेजारी दुसरा हात धरून ओंजळ केली, चेंडू ग्लव्हच्या कडेला लागून बाहेर पडला, आणि दोन धावा झाल्या. आम्ही हरलो. काका येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले की ऊन डोळ्यात होतं. आकाश ढगाळ होतं.

पण दोन दिवसांत ई-मेल सुरू झाले, आणि त्यात माझ्या झेलाचा उल्लेख कुणी केला नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, की आता टीमला नवा स्टार्टर हवा. त्यात चूक काही नव्हतं. पुढच्या वर्षीपासून लीग आठवड्यात दोन मॅच ठेवणार होती, रविवारी आणि बुधवारी, आणि एका हातावर दोन मॅच निघत नाहीत. शिवाय निखिल नावाचा नागपूरचा एक मुलगा नुकताच आमच्या कंपनीत आला होता. कॉलेजात जलदगती गोलंदाज होता, चेंडू असा टाकायचा की मंदारचा तळवा लाल व्हायचा. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी माझ्या बेसमेंटमध्ये बैठक ठरली. दोन दिवस आधी काकांचा फोन आला, मीटिंगची तारीख ठरली का म्हणून. मी म्हणालो, अजून नाही काका, ठरली की कळवतो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपण होऊन म्हणालो.

बैठकीत निखिलला घ्यायचं हे पाच मिनिटांत ठरलं. बाकीचे दोन तास काकांचं काय करायचं यात गेले. टीममध्ये ठेवलं तर त्यांना टाकायला द्यावं लागणार, आणि टाकायला दिलं नाही तर बेंचवर बसवावं लागणार. एवढ्या मोठ्या माणसाला बेंचवर कसं बसवायचं? मंदार म्हणाला की सरळ त्यांनाच विचारू या. त्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण विचारणार कोण तर कॅप्टन. आणि मला ती युक्ती सुचली. दिवाळीच्या कार्यक्रमात काकांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. सत्कार झाला की माणूस निवृत्त झालाच, सांगायची वेळच येत नाही. सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की आम्ही लगेच पिझ्झा मागवला. मानपत्र लिहायचं मीच घेतलं, कारण माझी भाषा बरी.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. काकांना फक्त इतकंच सांगितलं होतं की पुढे बसा. नाव पुकारलं तेव्हा ते गोंधळून काकूंकडे बघत वर आले. त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि मी वाचायला लागलो. मैदानावरची तपश्चर्या, तरुणांना लाजवणारा उत्साह, असं सगळं होतं त्यात. मग आलं, "आपल्या प्रदीर्घ कारकिर्दीच्या सांगतेनिमित्त." तिथे काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. झेल सुटल्यावर पाहिलं होतं तसंच. मी नजर कागदात घातली आणि उरलेलं भराभर वाचून टाकलं. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "आभारी आहे. मला हे माहीत नव्हतं." लोकांना वाटलं सरप्राइज छान जमलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यात मीही वाजवत होतो.

पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. म्हणाले, "हे तुह्यासाठी आणलं होतं. आता काही गरज नाही, पण राहू दे." गाडीत बसून मी तो उघडला. प्रयोगशाळेच्या अहवालासारखा नीट लिहिलेला होता. वर प्रश्न: पुढच्या मोसमात टीमला आणखी स्टार्टर हवा का? खाली उत्तर: हवा. रविवार निखिलचा. पहिला महिना त्याला साठ चेंडूंच्या वर टाकू देऊ नये, खांदा कच्चा आहे. बुधवारी मी, फक्त तीन डाव, मग मंदार. त्यापुढच्या वर्षी दोन्ही दिवस तरुणांचे, मी बेंचवर बसून नोंदी ठेवीन. गाडी चालू करून मी हीटर लावला. बायकोने विचारलं काय आहे ते. मी म्हणालो, पुढच्या वर्षीचं शेड्यूल.

आमच्याकडे कागद होता, तरी आम्ही निखिलला शंभर-शंभर चेंडू टाकायला लावले. जिंकत होतो ना. जुलैत त्याचा खांदा गेला आणि डॉक्टरांनी मोसमभर बंदी घातली. मग मी काकांच्या घरी गेलो. वाटेत मनाशी घोकत होतो की आधी माफी मागायची, मगच बाकीचं. काकांनी दार उघडलं, आत नेलं, काकूंनी चिवडा पुढे केला, आणि माझ्या तोंडून निघालं की काका, रविवारी स्टार्टर नाहीये, याल का.

ते हसले. उजवा हात उचलून दाखवला, तो खांद्याच्या वर जाईना. गेल्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये गेलोच नाही म्हणाले, सांगता झाल्यावर कोणासाठी टाकायचं. हे त्यांनी टोमण्याने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी विचारलं, "बेंचवर बसलो असतो न मी. चाळीस वर्षांत कितीतरी वेळा बसलो. काहून नाही विचारलं रे, सुहास?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी घाबरलो होतो, आणि त्या भीतीला मी आदर म्हणत होतो. हे एक वाक्य बोलायला फार वेळ लागला नसता. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. शेवटी तेच म्हणाले की जाऊ दे, आणि मंदारला टाकताना चेंडू कसा धरायला सांगायचा ते मला समजावून सांगितलं.

त्या हिवाळ्यात काका-काकू विंडसरला लेकीकडे राहायला गेले. तिथून त्यांचे फोन यायचे, टीम कशी आहे विचारायचे, निखिलच्या खांद्याची चौकशी करायचे. मी सगळं ठीक आहे सांगायचो. २०१२च्या फेब्रुवारीत ते गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या लेकीने कळवलं. मंडळाच्या पाडव्याच्या अंकासाठी त्यांच्यावर कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि माझी भाषा बरी, तेव्हा मीच लिहिलं. पानभर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "वयोमानानुसार त्यांनी २००८ नंतर खेळणं थांबवलं."

अंक पोचल्यावर काकूंचा फोन आला. छान लिहिलंस म्हणाल्या, लेकीने मोठ्याने वाचून दाखवलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण सुहास, त्यांनी थांबवलं नव्हतं रे."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून त्या वाट बघत होत्या, हे मला इतकं स्वच्छ कळत होतं की माझे कान तापले. मी विचारलं, विंडसरला बर्फ वितळलं का, काकू.