दुकान वाढवावं म्हणतो

मला राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तो परभणीत, कॉलेजच्या हॉलमध्येच सुरू झाला. कुणाच्या फारसा ऐकिवात नसलेला एक परदेशी सिनेमा दाखवत होते. धुक्यातल्या गावात पुस्तकांचं दुकान, म्हातारी मालकीण, दिवसभरात दोन-तीन गिऱ्हाइकं. एकजण उभ्या उभ्या अख्खं प्रकरण वाचतो, पुस्तक जागेवर ठेवतो आणि निघून जातो. म्हातारी शिडी सरकवते, फडकं मारते. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत राहतो. मी त्यात पार बुडाले होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, "पुढं काही व्हायलंय का न्हाई?" मी वळून असं बघितलं की तो माणूस थोड्या वेळानं उठूनच गेला. बरं झालं.

आमचंही मानवतला दुकान आहे. पुढं गाईडं, वह्या, कंपास. मागं वडिलांचं कादंबऱ्यांचं कपाट. मोंढ्यात कापूस घेऊन आलेले लोक नंबर लागेपर्यंत तिथं वाचत थांबायचे. वडील त्यांना स्टूल द्यायचे. वडील गेल्यापासून दुकान धाकटा भाऊ बघतो. कपाटाला हात लावायचा नाही, एवढं मी त्याला बजावून ठेवलं होतं.

बाहेर पडल्या पडल्या त्याला फोन लावला. दिवेलागणीची वेळ होती. मी सिनेमा सांगत सुटले, त्याला मध्ये बोलूच देईना. शेवटी तो म्हणाला, "ताई, दुकान वाढवावं म्हणतो. चालंल ना?"

मला बरं वाटलं. दुकान 'बंद' केलं म्हटलेलं वडिलांना खपत नसे. शटर ओढतानाही 'वाढवतो' म्हणायचं, ही त्यांची शिस्त. भावानं ती राखली होती. वाढव की, त्यात विचारायचं काय, असं म्हणून मी फोन ठेवला. तो आणखी काहीतरी सांगत होता.

रविवारी, सगळा सिनेमा समोर बसून पुन्हा सांगायचा म्हणून मानवतला गेले. कपाटाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती, बाजूला लॅमिनेशनचं मशीन. पुस्तकं रद्दीवाल्यानं नेली होती. तोंडाला येईल ते बोलले, वडिलांचं नाव काढून बोलले. गिऱ्हाइकं निघून गेली. भाऊ लटकणारी कव्हरं सरळ करत राहिला.

"तुला इचारूनच वाढवलं की, ताई," तो म्हणाला.

मी आणखीच जोरात ओरडले, कारण त्याचं खरं होतं.