नुसतं चाखलं

माझे सासरे उत्तमराव, म्हणजे आमचे मामाजी, यांचं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकूनच प्यायचे. कुलूप लावलं की तीनदा ओढायचे, चार पावलं गेले की परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. अमरावतीला राजापेठेत आमचं घर. संत्र्यांचे बगीचे उभ्या झाडांवर विकत घ्यायचे, हा त्यांचा धंदा. भाव ठरवताना ते कुणालाही विचारत नसत. जगात त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या जिभेवर.

एकसष्ट साली त्यांना सारखी तहान लागायला लागली. पायाच्या अंगठ्यात काटा मोडला, ती जखम दोन महिने भरेना. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, गोळ्या दिल्या, साखर-गूळ बंद केलं, भात कमी केला. मामाजींनी पहिला संशय डॉक्टरवरच घेतला. "थो आपल्या गोळ्या खपवाले मले बिमार करून राहिला," म्हणाले. म्हणून तपासणी घरीच करायची ठरली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. दर सोमवारी मामाजी परसात बसून हे स्वतः करायचे. औषधाची बाटली पेटीत आणि पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला.

उन्हाळाभर नळी निळी-हिरवी राहिली, जखमही सुकली. कार्तिक लागला आणि नळी लाल व्हायला लागली.

सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, चूल माझ्या एकटीच्या हातात. तेव्हा संशय दुसरीकडे जाणार तरी कुठे? आधी साखरेचा डबा पेटीत गेला. नळी लाल. मग भाकरी नाकाशी नेऊन हुंगणं सुरू झालं. "पिठात गूळ कालवते काय वो, सूनबाई?" शेवटी साठीचा तो माणूस चुलीपुढे बसून स्वतःची भाकर स्वतः थापू लागला. शेजारची गोदाबाई कुंपणावरून बघून हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाकर त्यांची, भाजी त्यांची, तरी नळी लालच! मला वाटलं, आता तरी सुटले. तर म्हणतात, "पीठ तं तूच दळून आनते."

अंगठा पुन्हा चिघळला तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं. "सहदेव, म्हाताऱ्याले गोड खाऊ घालून मारलं की घर तुमचंच. येत्या सोमवारी लाल निघालं तं इले दर्यापूरले पोचवून दे. कायमची." दर्यापूर माझं माहेर. सहदेव मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा मला सासऱ्यांपेक्षा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मामाजी मोर्शीकडे मोतीराम नावाच्या माणसाचा बगीचा पाहायला निघाले. घरात गोड नव्हतं, मग बाहेर काय खातात ते बघायला मी म्हटलं, मीही येते. ते लगेच तयार झाले. माझ्या मायेपोटी नव्हे, मी घरी एकटी राहून पेटी फोडीन म्हणून.

बगीच्यात मी मागे मागे चालत होते. गोडी जोखायला मामाजी एका झाडाचं उन्हाकडचं एक फळ तोडायचे, एक सावलीकडचं. सोलून प्रत्येकातल्या दोन फोडी तोंडात, डोळे मिटून चघळायचे, गिळायचे, बाकीचं फेकून पुढच्या झाडाकडे. चांगलं फळ मातीत पडलेलं मला बघवेना. मी एकेक उचलून पदरात टाकू लागले. विसेक फळं झाली आणि माझे पाय थबकले. तिथून पुढे मी मोजायला लागले.

दुपारी बांधावर मामाजींनी आपली भाकर सोडली. मी पळसाच्या पानावर आठ ताजी संत्री सोलून त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या, मामाजी."

"येडी झाली काय? मले गोड चालते काय?"

"सकाळपासून तुमी एवढी खाल्ली."

"खाल्ली कुठी? नुसतं चाखलं."

मी पदर रिकामा केला. चाळीस उष्टी फळं, प्रत्येकात दोन फोडी कमी. "जोडून पाहा, एका संत्र्याच्या दहा फोडी. हंगाम लागल्यापासून रोज आठ-आठ संत्री पोटात चालली तुमच्या, अन् नाव माह्यावर! डॉक्टरनं काय खाता म्हनून इचारलं, तं हे सांगतलं काय?"

त्यांनी एक फळ उचललं, फोडी मोजल्या, ठेवलं. दुसरं उचललं. पंधरावीस फळं मोजून झाल्यावर उठले आणि सौदा अर्धवट टाकून घरी निघाले. बसमध्ये माझ्याकडे पाठ करून बसले.

सोमवारपर्यंत त्यांनी संत्र्याला हात लावला नाही. त्या सकाळी परसात ते नळी उकळत होते आणि मी दारात माझं गाठोडं बांधून उभी होते. नळी हिरवी झाली. त्यांनी ती उन्हात धरली, सावलीत धरली, पुन्हा उन्हात धरली. मग म्हणाले, "गाठोडं सोड. मोतीरामच्या बगीच्यात जाचं हाये."

तिथे पहिल्या झाडाचं फळ सोलून त्यांनी सवयीनं ओठापर्यंत नेलं. हात थांबला. मग दोन फोडी माझ्यापुढे धरल्या. "चाख. खरं सांगजो."

मी खोटं बोलले असते तर भाव चुकून म्हाताऱ्याचा हंगाम बुडाला असता. ते त्यांनाही कळत होतं. माझ्या तोंडावरची नजर ते काढत नव्हते.

"उन्हाकडचं गोड हाये, मामाजी. सावलीकडचं आंबट."

मोतीराम उसळला. "उत्तमराव, आता बाईच्या जिभेवरून भाव करता काय?"

"सून हाये माही," मामाजी म्हणाले. "खोटं नाई बोलत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही तितकाच आला. हे एवढंसं वाक्य त्यांनी महिनाभर आधी घरात, सहदेवसमोर बोलायला हवं होतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि दुसऱ्या झाडासाठी हात पुढे केला.