वाळूच्या फोटोतला माणूस

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने धाकटीला आपल्या स्टुडिओत घेतलं ते उपकार म्हणून, आणि राबवलं ते हक्काने. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली उभं राहून सतरा वर्षं तिने त्याचे फोटो धुतले. रसायनांनी नखं तपकिरी झाली, पण तिच्या हातचा काळा रंग फोटोत असा उतरायचा की बघणाऱ्याला बोट लावून पाहावंसं वाटे.

एकदा दोघं जीपने वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढायला गेले. तिथे पोचताच भावजी तापाने फणफणले आणि जीपच्या सावलीत आडवे झाले. धाकटी त्यांचा कॅमेरा गळ्यात अडकवून टेकडी चढली. वारा नुसता पिसाटला होता. धारेवरून वाळू धुरासारखी उडत होती, उतारावर लाटा उमटत होत्या. डोळ्यांत, दातांत वाळू गेली. पण रोलमधले बाराच्या बारा फोटो काढूनच ती खाली आली.

वर्षभराने त्यातल्या एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं. खाली नाव भावजींचं.

"अहो भावजी, तो फोटो मी काढलाय."

"कॅमेरा कुणाचा? रोल कुणाचा?" ते हसले. "बटण काय, माकडही दाबेल."

ताई म्हणाली, "नाव घरातच राहिलं ना? मग गप्प बस."

ती गप्प बसली, पण दात धरून. बक्षिसाच्या फोटोला लागूनच जी निगेटिव्ह होती, तिच्यात टेकडीच्या पायथ्याशी जीप दिसत होती, आणि जीपशेजारी तोंड उघडं टाकून झोपलेले भावजी. दोन्ही निगेटिव्ह असलेली ती पट्टी तिने जिवापाड जपली.

चार वर्षांनी भावजींचं प्रदर्शन ठरलं. फ्रेमा बसवायचं काम अर्थातच धाकटीच्या गळ्यात. उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी मधल्या फ्रेमवरचा पडदा ओढला. दाराएवढा फोटो! वर उधळलेली वाळू, खाली गाढ झोपलेला छायाचित्रकार.

मागून कुणीतरी विचारलं, "हे झोपलेत, मग फोटो काढला कुणी?"

"माकडाने," धाकटी म्हणाली आणि पुढे होऊन तिने निगेटिव्हची पट्टी पाहुण्यांच्या हातात ठेवली.

असा हशा उसळला की भावजींना तोंड लपवायला जागा उरली नाही. बक्षीस काढून घेतलं गेलं. ताईने बोलणं टाकलं. त्याचं धाकटीला वाईट वाटलं. पश्चात्ताप मात्र तिळभर झाला नाही. तिने एक खोली घेऊन स्वतःची डार्करूम थाटली.

पुढच्या उन्हाळ्यात भावजींनी तिचं दार वाजवलं. "चुकलो गं मी. आत येऊ का?"

"थांबा जरा. फोटोचा कागद उघडा आहे, उजेड शिरला तर काळा पडेल."

धंद्यातलाच माणूस, त्यांना ते पटलं. ते तासभर उकाड्यात जिन्यावर ताटकळले. आत रसायनांचे ट्रे कोरडे ठणठणीत होते, आणि धाकटी स्टुलावर पाय हलवत घड्याळाकडे बघत बसली होती.