आजीचं माहेर, जिल्हा मेयो

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, आता टायरच्या गॅरेजमध्ये काम करतो. मराठी लिहायला आजोबांनी शिकवलं. त्यांचं अक्षर पडलं डॉक्टरी, त्यामुळे काही अक्षरं कशी काढायची ते मला अजून कळलेलं नाही.

पण मराठी मंडळाच्या पार्टीत बेडवर सगळ्यांचे कोट साठतात ना, तसे आमच्याकडे हे किस्से साठलेत. एक ओढला की दुसरे घसरतात.

गोष्ट एवढीच, की माझी आजी आयरिश होती. नर्स. आजोबा डॉक्टर म्हणून पुण्याहून विलायतेत, इथे इल्फर्डच्या हॉस्पिटलात आले आणि तिथेच दोघांचं जमलं. माहेरच्यांनी संबंध तोडले. आयर्लंडमधला मेयो जिल्हा, एवढंच माहीत. तिने गावाचं नाव कधी काढलं नाही, आजोबांनी कधी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी ती आजारी असताना म्हणाली, "मला घरी ने." आजोबा म्हणाले, "उद्या नेतो." तो उद्या काही आला नाही.

तेव्हापासून तिच्या अस्थींचा कलश इल्फर्डच्या घरात कपाटात होता. आजोबा एकच विचारायचे, "अरे निखिल, घरी म्हणजे कुठे?"

*

इल्फर्डच्या लायब्ररीत शनिवारी फॅमिली हिस्टरीचा ग्रुप भरतो. मार्गारेट नावाच्या बाई तो चालवतात. मी दारातूनच परत फिरणार होतो, पण आजोबांनी कोपर धरून आत नेलं.

मेयोच्या आजीचं गाव शोधायचंय म्हटल्यावर बाईंनी तिचं नाव विचारलं. मी सांगितलं, "सुनंदा."

त्यांनी स्पेलिंग दोनदा विचारलं. मेयोची सुनंदा त्यांनी कधी ऐकली नव्हती. मग आजोबांनी समजावलं, की लग्न पुण्यात झालं, आणि आमच्यात सासरी नवरीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात. आजीला ते इतकं आवडलं, की इथे शेजाऱ्यांनाही तिने तेच सांगितलं.

लग्नाआधीचं नाव मेरी केली. वडील जॉन, शेतकरी. पासपोर्टवर जिल्हा मेयो, गाव नाही.

मार्गारेटबाईंनी पेन खाली ठेवलं. "मेरी केली तिकडे शेकड्याने. मग सुनंदाच बरी होती. ती निदान एकच होती."

*

मग डीएनए टेस्ट. एका नळीत थुंकून ती पोस्टाने पाठवायची. माझी पाठवली, तर आजोबा म्हणाले, मीही देतो.

मार्गारेटबाईंनी हळूच सांगितलं, की नवऱ्याच्या डीएनएमधून बायकोचं गाव सापडत नाही. आजोबांना ते लागलं. बसमधून उतरताना म्हणाले, "एवढी वर्षं एका घरात राहिलो. काहीतरी लागलं असेलच की मला."

आणि हे डॉक्टर!

*

माझ्या थुंकीला मेयोतली एक फियोना जुळली. नात्याने लांबची, शाळेत शिकवते. व्हिडिओ कॉलला आजोबा टाय लावून बसले. मी कॅमेऱ्याच्या बाहेर.

फियोना म्हणाली, त्या वयाच्या तीन मेरी केली आमच्या गावातून नर्सिंगला गेल्या. एक कॅनडात असते. एक पुढे नन झाली. तिसरीचं ती काही बोलेना. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिसरीचं आमच्याकडे कोणी नाव काढत नाही."

आजोबांचा चेहरा उजळला. "ती आपली!"

*

तिसऱ्या मेरीची धाकटी बहीण नोरा अजून जुन्या घरात एकटी राहते, असं फियोनाने सांगितलं आणि फोन नंबर दिला. मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलताच येत नाही. आजोबांनीच लावला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, मी तुमच्या बहिणीचा नवरा. फोन बंद.

लायब्ररीतल्या ग्रुपमध्ये शॉन म्हणून मेयोचेच एक म्हातारे गृहस्थ आहेत. ते कपाळाला हात लावून म्हणाले, असं थेट सांगतात का कोणी? आधी हवामान, मग गुरं, मग गावात कोण वारलं ते. त्यानंतर कामाचं.

पुढच्या आठवड्यात आजोबांनी पुन्हा फोन लावला. चांगला अर्धा तास चालला. ठेवल्यावर मी विचारलं, "आजीचं काही बोललात?"

"अजून गुरांपर्यंतच पोचलोय."

*

गुरं संपली आणि नोरा आजीने या म्हणून सांगितलं. आम्ही विमानाने गेलो, पुढे भाड्याची गाडी. आजोबांच्या मांडीवर कलश, पायाशी पेढ्यांचा बॉक्स. मी म्हटलं, आजोबा, अस्थींबरोबर पेढे? ते म्हणाले, "पहिल्यांदा सासुरवाडीला चाललोय. रिकाम्या हाताने कसा जाऊ? पण जावई म्हणून चाललोय की सुतकात, तेच मला कळेनासं झालंय."



नोरा आजीने दार उघडलं. आजोबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "आत या, डॉक्टर. पाऊस येतोय."

तिने कलश बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवला, भिंतीवरचं घड्याळ थांबवलं आणि एक खिडकी उघडली. घरात कोणी वारलं की तिकडे तसंच करतात. दुपारभर गाव येत होतं. प्रत्येक जण आजोबांचा हात हातात घेऊन दुःखात सहभागी असल्याचं सांगायचा, आजी कालच गेल्यासारखं. मग खुर्ची ओढून केक खायचा आणि लहानपणीच्या मेरीच्या खोड्या सांगून हसायचा. अस्थींसमोर हसायचं कसं, म्हणून आजोबा आधी अवघडून बसले. चर्चच्या छपरावर चढलेली मेरी ऐकली आणि तेही हसले. मग उठून सगळ्यांना पेढे वाटले.

घराच्या मागे ओढा आहे. सकाळी तिथे अस्थी सोडायच्या, असं ठरलं होतं.

संध्याकाळी माणसं गेली. आजोबांनी कलश पुन्हा मांडीवर घेतला. म्हणाले, "नोराबाई, तिला घरी आणली. पण आता माझ्याने सोडवत नाही."

नोरा आजी कप धूत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मग सोडू नका. तिची खोली आहे. तुम्हीही राहा."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या दुकानात गेलो आणि आजोबांच्या मापाचे गमबूट घेतले.